काटा शून्यावर

२ फेब्रुवारी, सोमवार

बाबा आज ऑफिसातल्या खुर्चीवरून उठले. जेवायला नव्हे, कायमचे. समारंभ नाही, भाषण नाही. चष्मा पुसला, किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आता तू बघ."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी बघतो, तू कसं बघतेस ते."

जुडग्यातली एक किल्ली मात्र त्यांनी काढून खिशात टाकली. मास्टर पिन ठेवायच्या भिंतीतल्या कप्प्याची.  जाता जाता सल्लाही दिला, "सगळं डोक्यात साठवू नकोस, डोकं तापतं. कागदावर ठेवत जा." म्हणून ही डायरी.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिला दर वेळी नव्याने सांगावं लागतं, आम्ही नक्की काय बनवतो ते. ट्रक-बसचं पुढचं चाक ज्या पिनेवर डावी-उजवीकडे वळतं, ती पिन. आणि ती पिन ज्यात फिरते तो पितळी बुश, म्हणजे एक नळकांडं. मावशी म्हणाली, "एवढंच?" हो, एवढंच. ती पिन नसेल तर स्टिअरिंग फिरवा नाहीतर घरातला पंखा फिरवा, बस सरळच जाणार.

मावशीला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. आमची पिन आजवर दुकानांतून गॅरेजवाल्यांकडे जायची. ते जुने ट्रक आता भंगारात निघालेत आणि दुकानं ऑर्डर देताना कण्हतात. एक नवीन दार उघडलंय, बसच्या कारखान्याचं. चाचणीच्या तीन खेपा पाठवायच्या. त्यांतली एक पास झाली की आम्ही कायमचे पुरवठादार. तिन्ही नापास झाल्या तर नाव यादीतून कट आणि वर्षभरात आमच्या शटरला कुलूप. पहिली खेप गेल्या आठवड्यात गेली आहे.

मी हे दार बंद होऊ देणार नाही. लिहून ठेवलं, आता मागे फिरता यायचं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार म्हणजे आमच्याकडे जुळवणीचा दिवस. बाबांनीच घालून दिलेला पायंडा. मशीन सुरू होण्याआधी सगळी मायक्रोमीटरं, म्हणजे बारीक माप घेणारी यंत्रं, टेबलावर ओळीत मांडायची, मास्टर पिन, म्हणजे अचूक मापाची नमुना पिन, बाहेर काढायची आणि प्रत्येक मायक्रोमीटर तिच्या मापाला लावून जुळवायचं. रोजच्या कामाचा काट्याचा डायलसुद्धा तिच्यावरच लावतात. मास्टर खाली ठेवली की काटा शून्यावर आणायचा. मग तयार पिना एकेक करून खाली घालायच्या. काटा शून्यावर राहिला की पिन पास.

ही मास्टर बाबांनी धंदा सुरू केला तेव्हाची. पहिल्या गिऱ्हाइकाने तपासून, शिक्का मारून दिलेली. लाकडी डबीत, आत मखमल. डबीचा आकडा बिघडलाय, डावीकडे खेचून मग वर उचलावा लागतो. नवख्या माणसाला ती डबी उघडतच नाही. बाबा म्हणतात, तेच तिचं कुलूप.

खुर्ची सोडली तरी बाबा रोज सकाळी खाली येतात, ते मास्टरला पुसायला. पिवळं फ्लॅनेल आणि डबीतली चिमूटभर पांढरी पेस्ट. आधी गोल गोल, मग लांबीत, मग कोरड्या टोकाने. इतक्या वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. मी लहान असताना मला वाटायचं, बाबा कारखान्यात जातात ते एवढ्यासाठीच. पिन अशी चमकते की तिच्यात बघून टिकली लावावी.

आज एक गंमत झाली. गेल्या महिन्यात घेतलेलं नवीन मायक्रोमीटर, आकडे दाखवणारं, पहिल्यांदाच मास्टरवर लावलं. तर ते मास्टर बारीक असल्याचं दाखवायला लागलं! सगळे हसले. बाबा म्हणाले, "नवीन आहे. घरच्या रीती शिकेल हळूहळू." मग तेही जुळवून टाकलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिली खेप नापास.

बसच्या कारखान्यातल्या तपासणीवाल्या बाईंचा फोन. आवाज कोरडा, पण उर्मट नाही. "तुमची पिन आमच्या बुशात सैल बसते."

मी म्हटलं, "एखाद-दुसरी असेल."

"सगळ्याच."

"आमच्या पिनेबद्दल आजवर एकाही गॅरेजची तक्रार नाही, बाई."

"असेल. पण आमचं गॅरेज नाही."

फोन ठेवल्यावर सुचलं की यावर काहीतरी झणझणीत उत्तर द्यायला हवं होतं. अजून ते काय असावं हे मात्र सुचलेलं नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी उठून कप्पा उघडला, मास्टर काढली आणि दिवसातून दुसऱ्यांदा पुसली. त्यांचं चित्त थाऱ्यावर नसलं की ते असंच करतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी मामांना बोलले.

मामा म्हणजे आमचे ग्राइंडिंगवाले. पिनेला शेवटचं माप तेच देतात. साऱ्या कारखान्यात त्यांना शून्यमामा म्हणतात, कारण काहीही विचारा, जेवण कसं होतं, मुलगी कशी आहे, उत्तर एकच: "एकदम शून्य." म्हणजे चोख. मला खांद्यावर बसवून लेथ दाखवणारा माणूस.

स्टीलवाल्याकडचं स्टील ठीक आहे. भट्टीवाल्याचं कामही मी दोनदा बघितलं. मग उरलं कोण? मी म्हटलं, "मामा, पिना बारीक निघाल्यात. शेवटचा हात तुमचा आहे."

"काटा शून्यावर होता, ताई."

"नजर चुकू शकते."

"एका पिनेला चुकेल. साऱ्या पिनांना चुकायला मी काय आंधळा?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, "वय होतं, मामा. सगळ्यांचंच होतं."

त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले, डबा उचलला आणि गेले. जाताना डायलवर कापडाचं पांघरूण घालून गेले, रोज घालतात तसं. त्या कापडाकडे बघवलं नाही. पण मी चुकले असं अजूनही वाटत नाही. मालकीणबाईने कधीतरी कडू बोलायलाच हवं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मामा काल आले नाहीत. फोनही उचलत नाहीत.

आई धुण्यावरून वैतागली. बाबांचं ते फ्लॅनेल ती दर रविवारी धुते. बादलीत नुसतं शाईसारखं पाणी. "एवढ्याशा लोखंडातून रोज रोज एवढा काळा रंग निघतो तरी कुठून? एक दिवस पुसून पुसून संपवतील ती पिन!"

बाबा पेपरामागून म्हणाले, "तुझ्या पोळ्या संपल्या का कधी लाटून लाटून?"

"मी पीठ घालते हो त्यात वरून!"

बाबा हसले, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी घरात कोणी हसलं.

उद्यापासून ग्राइंडिंगवर मी स्वतः बसणार. हात बसलेला आहे, कॉलेजच्या सुट्ट्यांत मामांनीच शिकवलं होतं. दुसरी खेप माझ्या हातची जाईल, मग बघू बाई काय म्हणतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी खेप रवाना. एकेक पिन मी स्वतः मापली. प्रत्येक वेळी काटा शून्यावर, जरासुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. पाठ मोडली आहे, नखांत काळं बसलंय, आणि आईच्या मते मी बाबांसारखी दिसायला लागले आहे. ती हे कौतुकाने म्हणाली की काळजीने ते कळलं नाही.

पिना खोक्यात भरताना मामांची आठवण आली. त्यांना दाखवायला हव्या होत्या. की त्यांचं नाक खाली करायला? खरं सांगायचं तर दोन्ही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरीही नापास.

या वेळी मी बाईंना भेटायलाच गेले. वाटलं होतं कोणी खडूस प्रौढा असेल. माझ्याच वयाच्या निघाल्या, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी माझ्यासमोर पिना मापल्या. लपवाछपवी काही नाही.

"तुमच्या सगळ्या पिना एकमेकींसारख्या आहेत," त्या म्हणाल्या. "इतक्या सारख्या पिना मी क्वचितच बघते. फक्त सगळ्या बारीक आहेत, आणि सगळ्या सारख्याच बारीक."

"किती?"

"केसाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या."

मी जवळजवळ हसले. केसाचा पाचवा हिस्सा! पण त्यांनी त्यांचा बुश हातात दिला, त्यात माझी पिन घातली आणि हलवायला सांगितलं. बोटाला कळलं. अगदी बारीक टकटक. माणसांनी भरलेल्या बसच्या पुढच्या चाकात मला ती टकटक नको आहे. त्यांचं बरोबर आहे.

"गॅरेजात हे का कळलं नाही?" मी विचारलं.

"तिथे बुश पिनेच्या अंगाप्रमाणे आतून खरवडून बसवतात ना? शिंप्याकडे सदरा शिवतात तसं. माणूस बारीक असो की जाड, सदरा बसतोच. आमच्याकडे सदरे तयार येतात."

 मग त्यांनी विचारलं, "तुमचा डायल कशावर लावता?"

"मास्टरवर."

"आणि मास्टर कशावर तपासता?"

मी म्हटलं, "मास्टर कशावर तपासायची? ती मास्टर आहे."

 त्या एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेआधी ती बाहेरच्या प्रयोगशाळेतून मापून आणा. दाखला हवा मला."

१ मार्च, रविवार

बाबांशी भांडण. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढला माझा.

मी म्हटलं, मास्टर मापायला न्यायची आहे. ते म्हणाले, ती डबी या कारखान्याबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, कागद हवाय, नुसती औपचारिकता आहे. ते म्हणाले, "मापणाऱ्याला माप विचारायला निघालीस?"

"बाबा, तिसरी खेप शेवटची आहे. ती गेली की संपलं. तुम्हाला पिन वाचवायची आहे की कारखाना?"

हे तोंडून निघून गेलं. बाबांनी हातांकडे बघितलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर पेस्टचा पांढरा डाग कायमचा बसलाय. तो दुसऱ्या हाताने चोळत राहिले. मग उठून आत गेले.

आई म्हणाली, "जरा हळू बोलायचं होतंस."

मी म्हटलं, "हळू बोलायला वेळ नाही, आई."

माझा निश्चय आहे. ते किल्ली देत नसतील तर कप्पा फोडेन. नाही, फोडणार नाही. पण देईपर्यंत रोज मागेन.

३ मार्च, मंगळवार

बाबा आज एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. इस्त्रीचा शर्ट, नवीन चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. खांदा एका बाजूला कलला होता.

आईने विचारलं, "पिशवीत काय एवढं?"

"डोळ्यांची फाइल."

"फाइल एवढी जड? डोळे काढून नेताय की काय पिशवीतून?"

एरवी त्यांनी परतफेड केली असती. आज नुसते गेले.

संध्याकाळी परतले ते दमून. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" म्हणाले, "म्हणाले, हळूहळू होत आलेलं आहे. आपल्याला दिसत नाही एवढंच." ताटावर बसले आणि दोन घास खाऊन उठले. मोतीबिंदू असावा. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आजकाल चुटकीसरशी ऑपरेशन होतं. तसं सांगितलं तर माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. हे ते कधी करत नाहीत.

४ मार्च, बुधवार

सकाळी बाबा मास्टर पुसायला खाली आले नाहीत. एक दिवस न चुकवणारा माणूस! माझ्यावरचा राग अजून गेला नाही असं समजून मी मुकाट्याने कामाला लागले. पण दुपारी ते आले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"घेऊन जा. माप."

माझा विश्वास बसेना. शेवटी माझं म्हणणं त्यांना पटलं तर! रविवारी आवाज चढवला ते वाया गेलं नाही. मी म्हटलं, "एका दिवसात परत आणते, जपून."

"जपू नकोस फार," बाबा म्हणाले. "नुसती ने."

५ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळा म्हणजे एक थंडगार खोली, दारात चपला काढायच्या. मापणारे गृहस्थ पांढऱ्या केसांचे, बोलायला सावकाश. मी डबी पुढे केली आणि आकड्याबद्दल सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी तो डावीकडे खेचून वर उचलला आणि डबी उघडली सुद्धा. काही माणसांच्या हातात उपजतच अक्कल असते.

त्यांनी पिन मापली. उलटी करून मापली. मग आकडे माझ्यासमोर ठेवले.

मास्टर बारीक आहे. केसाच्या पाचव्या हिश्शाएवढी.

मी विचारलं, "वापराने झिजली?"

"नाही. वापराने एखाद्या जागी झिजते. ही अंगभर सारखी उतरली आहे. घासपेस्टने. रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षं." मग म्हणाले, "रागावण्यासारखं काही नाही यात. निष्काळजी माणसाच्या हातून असं होत नाही."

कोणी पुसतं हे मी बोललेच नव्हते. पण मुरलेला माणूस, पिनेवरूनच ओळखलं असणार.

आता सगळा उलगडा झाला. पिन रोज कणभर उतरत गेली. दर शनिवारी आम्ही साऱ्या मायक्रोमीटरांना तिच्या मापाला आणून बसवत गेलो. कारखान्यात खरं बोलणारं एकही मापयंत्र उरलं नाही. जे नवीन आलं आणि खरं बोललं, त्याला आम्ही हसलो. मामांचा काटा शून्यावर होता. माझाही होता. शून्यच सरकलं होतं.

परतताना बसमध्ये डबी मांडीवर घेऊन बसले आणि दोन गोष्टी ठरवल्या. एक, तिसरी खेप पास होणार, कारण आता दोष कुठे आहे ते कळलंय. दोन, बाबांना हे कधीही कळू द्यायचं नाही. ज्या हाताने जपलं त्याच हाताने झिजवलं, हे मी त्यांना सांगणार नाही. या वयात तर नाहीच.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय आलं माप?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "नवी असल्यासारखी आहे म्हणाले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं." जिंकले! मला खोटं बोलता येत नाही असं आई म्हणते, तिला काय माहीत.

६ मार्च, शुक्रवार

बाईंना खरं काय ते सांगून आले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचे वडील रोज...?"

"रोज."

 त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत खेप पाठवा. त्याच्या पुढे माझ्या हातात नाही." दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पिना एकमेकींसारख्याच ठेवा मात्र."

प्रयोगशाळेच्या ओळखीतून नवीन मास्टर करायला टाकली आहे. दाखल्यासकट येईल. बुशांची मापंही नव्याने लावायची आहेत. कामांचा डोंगर आहे, पण चढायचा आहे हे नक्की, आणि डोंगर समोर दिसतोय हेही बरंच आहे.

९ मार्च, सोमवार

मामांच्या घरी गेले. पायऱ्या चढताना तीनदा वाक्य जुळवलं आणि दार उघडल्यावर एकही आठवलं नाही. ओट्यावर चहाचे रिकामे कप होते, नुकतंच कोणी येऊन गेलेलं असावं. मामींनी ते घाईघाईने उचलले.

मी उभ्यानेच म्हटलं, "मामा, चूक तुमची नव्हती. मी बोलले ते चुकीचं होतं आणि वाईटही होतं."

"माहितीये," मामा म्हणाले.

"कोणाची होती ते नाही विचारणार?"

"नाही."

"मग येणार?"

"डबा भरायला सांगितलाय हिला." मग दारापर्यंत आल्यावर आवाज उतरवून म्हणाले, "ताई, एकच अट आहे. मोठ्या साहेबांना यातलं काही बोलायचं नाही."

मला हसूच आलं, कारण हेच मी त्यांना सांगणार होते! कोण काय कशाबद्दल बोलतंय याची फोड न करताच आमचं ठरलं. मनाने फार मोठा माणूस. मी विचारलं, "बाकी तब्येत कशी?" तर नेहमीचं उत्तर दिलं नाही. म्हणाले, "आता होईल शून्य."

१३ मार्च, शुक्रवार

नवीन मास्टर आली. जुन्या डबीत, जुन्या मखमलीवर ठेवली आणि जुनी कागदात गुंडाळून माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात. चमक तेवढी नाही. बाबांच्या लक्षात येईल का? सकाळी ऊन तिरपं येतं, नजरही अधू झाली आहे. चालून जाईल.

१४ मार्च, शनिवार

बाबा आज जुळवणीला आले. डबी उघडली. बराच वेळ बघत राहिले, हात लावला नाही.  मामा मशीनशी उगाचच काहीतरी खुडबुड करत होते.

मग बाबांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि त्यात धरून पिन उचलली. बोट लागू न देता.

मी म्हटलं, "फ्लॅनेल देऊ? पेस्ट?"

"पेस्ट संपली."

"नवीन डबी आणते."

"नको. अंगठा दुखतो हल्ली." मास्टर टेबलावर ठेवून ते म्हणाले, "चमक कशाला हवी? मापाला चमक लागत नाही."

सगळी मायक्रोमीटरं जुळवली. नवीन आकडेवाल्याला काहीच करावं लागलं नाही, त्याचं आधीचं बिघडवलेलं माप तेवढं परत जागेवर आणलं. बाबा त्याच्यावर टिचकी मारून म्हणाले, "शहाणं आहे रे हे." मग डबी मिटून कप्प्यात ठेवली आणि किल्ली पुन्हा स्वतःच्या खिशात टाकली.

सुटले. त्यांना काही कळलेलं नाही.

२१ मार्च, शनिवार

तिसरी खेप रवाना. पिना मामांच्या हातच्या. शेवटच्या खोक्याला पट्टी मी लावली आणि मामांनी त्यावर थोपटलं, घोड्याला थोपटावं तसं. बाबा वरच्या गॅलरीतून बघत होते. टेम्पो वळेपर्यंत तिथेच उभे होते.

आता हातात काही नाही. हे मला सर्वांत अवघड जातं. म्हणून सोमवारी नव्या बुशांचं काम सुरू करायचं असं ठरवलं आहे, निकाल काही लागो.

२२ मार्च, रविवार

आईने आज घरातले सगळे पितळी नळ लखलखवले. पांढरी पेस्ट, जवळजवळ भरलेली डबी. म्हटलं, ही कुठून आणलीस? तर म्हणाली, "यांनीच दिली, आता मला नको म्हणाले." संपली म्हणाले होते. विसरले असतील, वय झालं.

पण गंमत ऐका. बाबा चहा पीत होते, ते एकदम उठून मोरीपाशी गेले आणि म्हणाले, "अगं, हलक्या हाताने! झिजतं ते."

आई म्हणाली, "नळ आहे हो, झिजला तर झिजला. तुमच्या पिनेसारखा थोडाच आहे!"

बाबा म्हणाले, "तेही खरंच," आणि असे हसले की डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नळात इतकं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. पण खूप दिवसांनी हसले, मीही त्यांच्याबरोबर हसले.

२७ मार्च, शुक्रवार

पास.

बाईंनी स्वतः फोन केला. "तुमच्या पिना आल्या. एकमेकींसारख्याच आहेत." मग मुद्दाम थांबल्या, वाईट बाई. "आणि आमच्या बुशांसारख्याही. कायमच्या पुरवठ्याची कागदपत्रं पाठवते."

मी खाली धावले. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जाईना, तेव्हा मामांनी मुख्य बटण बंद केलं आणि सगळा कारखाना एकदम गप्प झाला. मी म्हटलं, "पास."  वरून आईने ओरडून विचारलं, "वीज गेली का गं?"

बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि मग खिशातून ती किल्ली काढली. मास्टरच्या कप्प्याची. माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली.

"ही राहिली होती द्यायची," म्हणाले.

२८ मार्च, शनिवार

जुळवणी. आज पहिल्यांदा कप्पा मी माझ्या किल्लीने उघडला. गेल्या दोन्ही शनिवारी डबी बाबांनीच उघडली आणि त्यांनीच मिटली होती. आज मी आकडा डावीकडे खेचला, वर उचलला आणि झाकण पूर्ण मागे केलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं आहे. बाबांचं अक्षर, डावीकडे झुकणारं, सावकाश काढलेलं.

'पुसू नये. वर्षातून एकदा बाहेर तपासून आणावे.'

मी ते वाचलं आणि पुष्कळ गोष्टी एकामागून एक आठवत गेल्या. पिशवीच्या वजनाने कललेला खांदा, थंडगार खोलीत डबी सहज उघडणारा तो हात, मामांच्या ओट्यावरचे कप. त्यांचा हिशोब इथे मांडत बसत नाही. मी बाबांना काही विचारणार नाही. त्यांनीही मला काही विचारलेलं नाही.

मास्टर रुमालात धरून डायलखाली ठेवली. काटा हलला आणि मग स्थिर झाला.

बाबा दाराशी येऊन उभे होते. आत आले नाहीत.

"काय म्हणतो काटा?" त्यांनी विचारलं.

"शून्य, बाबा."

"खरं?"

"खरं."

"मग मशीन लाव. बघत काय बसलीस?"